आडव्या फांदीचं झाड

काठीला बांधलं तेव्हा वाटलं होतं, चार-सहा महिन्यांत होईल सरळ. बांबूची काठी, सुती दोरी, खोडाला काचू नये म्हणून इंग्रजी आठाच्या आकाराची सैल गाठ, सगळं रीतसर केलं. दोन वर्षांनी दोरी सोडली. काठी होती तिथपर्यंत खोड उभं, आणि काठी संपली तिथून शेंडा पुन्हा उजवीकडे, खिडकीच्या चौकटीला समांतर, निवांत आडवा निघालेला. मधल्या दोन वर्षांत त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं जणू.

झाड यूचं. हे नाव सांगताना दर वेळी पंचाईत होते. एकदा फोनवर भाचीला म्हटलं, “थांब, यूला पाणी घालून येते,” तर ती म्हणाली, “मला कशाला पाणी घालतेस, मावशी?” मराठीत याला रुळलेलं नाव नाही, कारण सह्याद्रीत ते उगवतच नाही. हिमालयात मात्र याचा सख्खा भाऊ आहे. गढवालात त्याला थुनेर म्हणतात. माझ्याकडचं युरोपातलं, टॅक्सस बकाटा. पाइन-देवदाराच्या गोतावळ्यातलं, पण त्यांच्यासारखे लाकडी शंकू न धरणारं. पानं सुईपेक्षा चपटी, वरून काळपट हिरवी, उलटी केली की फिकट. बघताना वाटतं, फणीच्या दातांसारखी दोन रांगांत उगवली आहेत. भिंग घेऊन बघितलं तर कळतं की ती फांदीभोवती गोल जिन्यासारखी चढतात आणि मग प्रत्येक पान बुडाशी मान मुरगाळून उजेडाच्या बाजूला आडवं होतं. एवढ्याशा देठात केवढी खटपट. मी हे एका आजारपणात बघितलं, एरवी एवढा वेळ पानांच्या देठांकडे कोण बघतं!

रोप मला वरच्या मजल्यावरच्या आजींनी दिलं. त्या लहान घरात राहायला चालल्या होत्या आणि गच्चीवरचा संसार मोडत होत्या. अर्ध्या पिंपाएवढ्या कुंडीत त्यांचं तीस वर्षांचं यू होतं, ते एका बागवाल्याने नेलं. माझ्या वाट्याला त्याचीच काडी लावून केलेलं रोप आलं, सात वर्षांचं आणि तरी माझ्या गुडघ्याएवढं. “हात कमी लाव आणि आत कोंडू नकोस,” एवढंच आजी म्हणाल्या. मी दोन्ही गोष्टी ऐकल्या आणि एकही पाळली नाही.

आडवेपणाचं कारण उशिरा कळलं. आजींनी काडी घेतली होती ती बाजूच्या फांदीची. यूची आडवी फांदी कापून लावली, तिला स्वतःची मुळं फुटली, स्वतःची कुंडी मिळाली, तरी ती वर्षानुवर्षं फांदीसारखीच वागते. आडवी पसरते, पानं दोन रांगांत मांडते. उभ्या शेंड्याची काडी लावली तर तेच रोप उभं वाढतं. दोघांचा आनुवंशिक मजकूर अक्षर न् अक्षर एकच, पण कुठून तोडलं ते काडी विसरत नाही. म्हणजे मी दोन वर्षं एका फांदीला काठीला बांधून तू खोड का होत नाहीस म्हणून रागावत होते.

अशा काड्या लावण्यावरच एक अख्खी जात उभी आहे. उत्तर आयर्लंडातल्या फर्मॅना परगण्यात १७६०च्या सुमारास एका शेतकऱ्याला डोंगरात यूची दोन वेगळीच रोपं दिसली, सगळ्या फांद्या हात वर केल्यासारख्या उभ्या. एक त्याने आपल्या दारात लावलं, ते पुढे मेलं. दुसरं त्याने फ्लॉरेन्स कोर्टच्या जमीनदाराला दिलं, ते आजही तिथे आहे. जगभरच्या बागांत आणि दफनभूमींत ‘आयरिश यू’ म्हणून जी उंच निमुळती झाडं दिसतात, ती या एका झाडाच्या काड्या, त्या काड्यांच्या काड्या, अशी आलेली आहेत. यूमध्ये नर आणि मादी झाडं वेगवेगळी असतात. फ्लॉरेन्स कोर्टचं झाड मादी, म्हणून त्याचा हा सगळा विस्तारही मादीच. हे वाचल्यावर एक प्रश्न डोक्यात बसला तो बसलाच. माझ्या कुंडीतलं झाड माझ्याकडे आलं तेव्हा किती वर्षांचं म्हणायचं? काडी लावल्यापासून सात? आजींच्या झाडापासून धरलं तर तीस? आणि आजींनी ती काडी जिथून आणली, तिथलं झाड किती वर्षांचं होतं?

असो. आधी मी ते जवळजवळ मारलं कसं, ते सांगते.

यूला सावली चालते, असं सगळीकडे लिहिलेलं असतं आणि ते खरंही आहे. मोठ्या झाडांच्या दाट सावलीखाली इतर झाडं हात टेकतात तिथे यू शांतपणे वाढतं. हे वाचून मी कुंडी दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, पुस्तकांच्या कपाटाशेजारी ठेवली. चूक अशी की बाहेरची सावली आणि घरातला कोपरा या एकाच जातीच्या गोष्टी नाहीत. आपल्या डोळ्यांची बाहुली लहान-मोठी होत राहते, त्यामुळे दोन्हीकडे आपल्याला सारखंच ‘बऱ्यापैकी उजेड’ वाटतो. उजेड मोजणारं साधं यंत्र मात्र थाप मारत नाही. दिवसा उघड्यावरच्या सावलीत ते काही हजार लक्स दाखवतं, खिडकीपासून आठ-दहा फूट आत शे-दोनशेवर येतं. माझ्या फोनमध्येही असा मापक होता. मी तो वापरला कधी? झाड पिवळं पडल्यावर.

दुसरी चूक ऊब. थंडी पडली तशी माया दाटून आली आणि कुंडी हीटर असलेल्या खोलीतच ठेवली. खरं तर थंड प्रदेशातल्या या झाडाला हिवाळा लागतो. दिवस लहान झाले, गारठा आला की ते वाढ थांबवतं, कळ्या घट्ट मिटून बसतं, आणि काही आठवडे गारठा भोगल्यावरच त्या कळ्यांना वसंतात फुटायचं बळ येतं. बाराही महिने उबेत ठेवलं तर ती विश्रांती मिळत नाही; एखादं वर्ष रेटून नेतं, मग झिजत जातं. त्यात हीटरने कोरडी झालेली हवा. पानांवर बारीक पिवळे ठिपके दिसायला लागले. पांढरा कागद खाली धरून फांदी झटकली तर कागदावर मिरीच्या पुडीसारखे कण पडले आणि त्यातले काही चालू लागले. लाल कोळी. कोरड्या, उबदार हवेत त्यांची चंगळ असते.

तिसरी चूक सगळ्यात मोठी आणि सगळ्यात मायेची. पाणी. ठिपके दिसले, पाणी घाल. टोक वाळलं, पाणी घाल. कुंडीखालच्या ताटलीत दोन बोटं पाणी कायम साचलेलं. यू बहुतेक सगळं सोसतं: चुनखडीची जमीन, आंबट जमीन, धूर, कात्री. पाण्यात उभं राहणं तेवढं त्याला सोसत नाही. मुळांना हवा मिळाली नाही की ती कुजतात, कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, वरचा भाग तहानलेला दिसतो, आणि आपण आणखी पाणी घालतो. फेब्रुवारीत खालच्या फांद्या हळदीसारख्या पिवळ्या झाल्या, हात लावला की पानं गळायची.

आजींना फोन केला. त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “नख लाव.” खोडावर नखाने बारीकशी साल खरवडायची. आत ओलसर हिरवं दिसलं तर जीव आहे, तपकिरी कोरडं दिसलं तर नाही. सुईपर्णी झाडांची ही एक खोड असते, ती वाईट बातमी उशिरा सांगतात. मुळं मेली तरी पानं कित्येक आठवडे हिरवी राहतात, आणि पिवळी पडतात तेव्हा दुखणं महिनाभर जुनं असतं. आपण धावाधाव करतो ती जुन्या चुकीसाठी. खालच्या दोन फांद्या तपकिरी निघाल्या. खोड हिरवं होतं.

“आता बाहेर ठेव आणि विसरून जा,” आजी म्हणाल्या. “आणि ती ताटली फेकून दे.”

पण हीटरच्या खोलीतून थेट गोठत्या थंडीत कसं काढणार? आधी दोन आठवडे जिन्यातल्या थंड खिडकीत ठेवलं, मग बाल्कनीत, भिंतीला टेकून. तिथे एक नवी गोष्ट कळली. जमिनीतलं यू कडाक्याची थंडी हसत काढतं, पण कुंडीतल्या मुळांभोवती जमिनीची जाड गोधडी नसते. फांद्या सोसतात त्यापेक्षा बऱ्याच कमी थंडीत मुळं मरतात. म्हणून माझा जुना स्वेटर कुंडीला गुंडाळला, खाली लाकडी फळी दिली. झाड उघडं आणि कुंडी स्वेटरमध्ये. बाल्कनीत येणारा प्रत्येक जण विचारायचा, आणि मी प्रत्येकाला मुळांवर व्याख्यान द्यायचे.

वसंताच्या तोंडाशी कुंडी बदलली. मुळांचा गोळा बाहेर काढला तर खालचा तिसरा हिस्सा काळा, बोटांत चुरडला की साल मोज्यासारखी सुटून हातात येणारा. नाकाला गटाराचा वास. वरची मुळं तांबूस, टणक, टोकं पांढरी. काळं सगळं कापलं. नव्या मातीत अर्धी जाड वाळू आणि परलाइट, बाकी पानांचं कुजलेलं खत आणि सालीचे तुकडे. घातलेलं पाणी चार-पाच सेकंदांत खालून बाहेर यायला हवं, हे माझं माप. त्या वर्षी खत दिलं नाही. आजारी माणसाला पंगतीत बसवत नाहीत. तेव्हापासून पाणी वार बघून घालत नाही. कुंडी एका बाजूने उचलून बघते. हलकी लागली आणि बोट दोन पेरं आत कोरडं गेलं तरच घालते, मग मात्र खालून वाहीपर्यंत. महिनाभरात हाताला वजन कळायला लागलं.

मे महिन्यात उघड्या खोडातून, जिथे एकही पान उरलं नव्हतं तिथून, दोन हिरवे ठिपके फुटले. पाइन किंवा स्प्रूसचं जुनं, उघडं पडलेलं लाकूड सहसा पुन्हा फुटत नाही, यूचं फुटतं. त्याची कुंपणं शतकानुशतकं कात्रीखाली टिकतात आणि बोन्सायवाले त्याच्यावर खूश असतात, ते याच गुणामुळे. नवी पानं इतकी कोवळी, पोपटी आणि मऊ होती की ती याच काळपट झाडाची आहेत हे पटेना. त्या वर्षभरात मोठी फांदी चार बोटं वाढली. एवढंच. बाहेर जमिनीतही यू सावकाशच वाढतं, आणि त्या सावकाशीतून दाट, चिवट, लवचीक लाकूड बनतं. आल्प्समधल्या बर्फात १९९१ साली सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाचा देह सापडला, त्याच्याजवळ त्याच्याहून उंच धनुष्य होतं, यूच्या लाकडाचं. ते अर्धवट तासलेलं होतं, काम पुरं व्हायचं राहूनच गेलं.

आता विषाचं. हे आधी सांगायला हवं होतं, कारण कुंडीतलं यू आणण्याआधी हाच प्रश्न स्वतःला विचारायचा असतो. पानं, साल, लाकूड, बी, सगळं विषारी. वाळलेल्या पानांतही विष तसंच राहतं. टॅक्सीन नावाची अल्कलॉइडं हृदयाच्या ठोक्यांचा ताल बिघडवतात आणि त्यावर नेमका उतारा नाही. कुंपणाची छाटलेली पानं खाऊन घोडे आणि गाई उभ्या जागी कोसळतात. सीझरने लिहून ठेवलंय की इसवी सनापूर्वी ५३ साली कटुवोल्कस नावाच्या थकलेल्या राजाने यूने आयुष्य संपवलं. अख्ख्या झाडात एकच भाग बिनविषारी, बियांभोवतीची लालचुटूक मांसल वाटी. पक्षी ती खातात, बी न फोडता अखंड बाहेर टाकतात आणि झाडाचं काम होतं. त्या गोड वाटीच्या मधोमध विषारी बी बसवलेलं असतं, आणि दोन वर्षांच्या मुलाला वाटी आणि बी यांतला फरक कळत नाही.

माझं मत सरळ आहे. घरात रांगतं-चालतं मूल असेल, कुंड्या कुरतडणारं मांजर किंवा कुत्रं असेल, तर यू आणू नये. उंचावर ठेवू, लक्ष ठेवू, हे सगळं बोलायला ठीक आहे. भाची तिच्या मुलाला घेऊन राहायला आली तेव्हा पंधरा दिवस कुंडी शेजाऱ्यांच्या कुलूपबंद गॅलरीत होती. छाटणी केली की मी कागद अंथरते, प्रत्येक पान वेचून कागदात बांधते, हात साबणाने धुते. भाची हसते. हसू दे.

आणि याच झाडाच्या पोटात दुसरं एक प्रकरण आहे. १९६२ साली अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलात, आर्थर बार्कले नावाच्या वनस्पतितज्ज्ञाने पॅसिफिक यूची साल गोळा केली. सरकारी मोहीम होती; हजारो वनस्पतींत कॅन्सरवरचं काही सापडतं का, हे बघायची. त्या सालीतून मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एक रेणू वेगळा केला आणि १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. तोच टॅक्सॉल. वाणी मूळचे नंदुरबारचे, १९२५चा जन्म. हे कळलं त्या दिवशी मी कुंडीकडे जरा वेगळ्याच नजरेने बघितलं, माहेरचं कोणी ओळखीचं निघाल्यासारखं. १९७९ साली सुझन हॉर्विट्झ यांनी त्याची तऱ्हा उलगडली. पेशी दुभंगताना तिच्यात बारीक नळ्यांचा सांगाडा उभा राहतो आणि काम झालं की मोडतो; टॅक्सॉल तो मोडूच देत नाही, आणि पेशी दुभंगायची अडकून मरते. १९९२ मध्ये अमेरिकेत अंडाशयाच्या कॅन्सरसाठी ते मंजूर झालं. पण साल काढली की झाड मरतं, आणि सालीत औषध अगदी नखभर. मग वाट सापडली ती माझ्या बाल्कनीतल्या जातीत. युरोपीय यूच्या पानांतून औषधाचा कच्चा सांगाडा मिळतो आणि पुढचं काम प्रयोगशाळेत होतं. पानं तोडली तर पुन्हा येतात. नंतर यूच्या पेशी वाढवूनही ते बनायला लागलं. या सगळ्या ओढाताणीत हिमालयातला थुनेर मात्र भरपूर ओरबाडला गेला, आज तो धोक्यातल्या झाडांच्या यादीत आहे. (कोणी उत्साहाने विचारण्याआधी सांगते, टॅक्सीन वेगळं आणि टॅक्सॉल वेगळं. घरच्या यूचा काढा करायचा नसतो. एका शहाण्या गृहस्थांनी मला विचारलं होतं.)

वयाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. स्कॉटलंडमधल्या फॉर्टिंगल गावी चर्चच्या आवारात एक यू आहे. १७६९ मध्ये मोजलं तेव्हा त्याचा घेर ५२ फूट होता. आता बुंध्याचे तुकडे उरलेत, मधला गाभा कधीच गेला. जुनी यू आतून अशीच पोकळ होतात, त्यामुळे कडी मोजून वय काढायची सोयच राहत नाही. कोणी दोन हजार म्हणतं, कोणी त्याहून बरंच जास्त. हे झाड नर. तरी २०१५ साली त्याच्या एका फांदीला लाल फळं दिसली. बाकीचं झाड नरच राहिलं, एका फांदीने तेवढं वेगळं ठरवलं. एडिंबराच्या वनस्पती उद्यानात जुन्या यूंच्या काड्यांचं एक कुंपण केलंय, त्यात या झाडाच्याही काड्या आहेत. हजारो वर्षांचं झाड कुंपणात उभं, आणि कोणीतरी दर वर्षी त्याला कात्री लावतं.

मागच्या ऑगस्टच्या शेवटी मीही तीन काड्या घेतल्या. खोडातून फुटलेल्या त्या दोन ठिपक्यांची आता बोटभर जाड फांदी झालीय, एक आडवीच गेली, दुसरी थोडी वर बघत. वर बघणाऱ्या फांदीच्या टोकाच्या काड्या घेतल्या, वितीहून लहान, बुडाशी जुन्या लाकडाची टाच राहील अशा. खालची पानं काढली, मुळं फुटायची पूड लावली, वाळूत खोचल्या आणि वर उपडी पारदर्शक बरणी ठेवली. एक भाचीसाठी, तिचा मुलगा मोठा झाल्यावर द्यायची. एक आजींसाठी, त्यांच्या नव्या घराला हातभर रुंदीची बाल्कनी आहे. तिसरी कोणाची ते ठरलेलं नाही. भाचीने विचारलं, “सरळ वाढेल ना माझी?” म्हटलं, पाच-सहा वर्षांनी कळेल.

यूच्या काडीला मुळं फुटायला तीन महिने लागतात, कधी कधी वर्षही. काड्या हिरव्याच असतात, म्हणजे काहीच कळत नाही. फेब्रुवारीत राहवलं नाही. मधली काडी हलकेच उपसून काढली. मूळ नव्हतं. बुडाशी फक्त ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरट, खडबडीत फुगवटा आला होता आणि त्याला वाळूचे तीन-चार कण चिकटले होते. ते न झटकता काडी त्याच भोकात परत खोचली, दोन बोटांनी वाळू दाबली, बरणी उपडी घातली. आजींचा फोन आला तेव्हा हे सांगितलं नाही.